नजाकत कोणाच्या जिवावर

इंग्रजी-मराठी कोशाच्या कामावर मी रुजू झाले तेव्हा ‘ए’ ते ‘सी’ हातावेगळं झालं होतं आणि माझ्या वाट्याला ‘डी’ आला. कोशाच्या कचेरीत कोणाला कुठलं अक्षर मिळतं यावर बरीच थट्टा चालते. ‘एक्स’वाला लगेच मोकळा होतो; ‘एस’वाल्याची नोकरी संपते, अक्षर संपत नाही. ‘डी’ तसा मध्यम. त्यात ‘डू’, ‘ड्रॉ’, ‘डाउन’ असे चिवट शब्द आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे त्यांच्यासाठी वेळापत्रकात ऐसपैस जागा असते. ‘डेलिकसी’साठी कोणी जागा ठेवत नाही. माझ्या टेबलावर मात्र त्याचेच कागद सगळ्यांत जास्त दिवस पडून राहिले.

आमची रीत अशी होती. आधी मोठ्या इंग्रजी कोशांतल्या नोंदी शेजारीशेजारी मांडायच्या. मग ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमधून त्या शब्दाच्या ओळी छापून घ्यायच्या. हा दहा कोटी शब्दांचा संग्रह १९९४ साली पुरा झाला. त्यात वर्तमानपत्रं आहेत, कादंबऱ्या आहेत आणि टेपवरून उतरून घेतलेल्या घरगुती गप्पासुद्धा आहेत. कागदावर आपला शब्द बरोबर मधोमध, एकाखाली एक, आणि त्याच्या दोन्ही अंगांना वाक्यांचे तुकडे. वाक्य कुठून आलं, कुठे गेलं, पत्ता लागत नाही. मधला शब्द वाचायचाच नसतो. नजर फिरवायची ती त्याच्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यांवरून. मी समासात पेन्सिलीने अक्षरं घालत गेले : खाण्याचा ‘ख’, तब्येतीचा ‘त’, वागण्याचा ‘व’, कारागिरीचा ‘क’. जिथे ठरेना तिथे प्रश्नचिन्ह.

एक गोष्ट लगेच दिसली. शब्द अनेकवचनी असला की समासात जवळजवळ हमखास ‘ख’. ‘डेलिकसीज’ म्हणजे ताटात वाढता येतील अशा वस्तू; त्या मोजता येतात. एकवचनी असेल आणि पुढे ‘ऑफ’ आलं तर स्पर्श, सूर, रेषा, नाहीतर ‘सिच्युएशन’. आणि मागे ‘विथ’ असेल, ‘विथ ग्रेट डेलिकसी’, तर समजायचं की कोणीतरी कोणाला तरी वाईट बातमी देतंय, पैशाचा विषय काढतंय किंवा राजीनामा मागतंय. इंग्रजी व्याकरण एवढं काम फुकटात करून देतं. मराठीत आपला नाजूकपणा एकटा एका कोपऱ्यात आणि पक्वान्नं पंगतीत. त्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही.

आमचे संपादक सर निवृत्त प्राध्यापक. व्याख्या नको, पर्याय द्या, वाक्यात उचलून बसवता आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. ‘‘अहो बाई, कोश बघणारा माणूस घाईत असतो. तो पहिला अर्थ वाचतो आणि पुस्तक मिटतो. दुसरा वाचणारा विरळा. तिसरा वाचतो तो आपल्यातलाच.’’ म्हणून पहिला पर्याय कुठला द्यायचा यावर कचेरीत खरी भांडणं होत. आमचे गिऱ्हाईक कोण, तर सरकारी अनुवादक, स्पर्धा परीक्षेची मुलं, वर्तमानपत्रात रात्रपाळीला बातम्या उलथवणारे. सरांचं म्हणणं, ‘डेलिकसी’ला पहिला ‘खास पदार्थ’ द्या. आजच्या इंग्रजीत तोच जास्त भेटतो. कागदावरचे ‘ख’ मोजले तर त्यांचं खरं होतं.

पण ते ‘ख’ वाचताना मला एक वेगळीच शंका यायला लागली. अमुक मुलखात हा पदार्थ ‘डेलिकसी’ समजला जातो, या थाटाची वाक्यं पानोपानी. मुलूख नेहमी दुसऱ्याचा. पदार्थ म्हणजे साप, बेडूक, शार्कचे पर, पाखरांची घरटी. लिहिणारा ते तोंडात घालणार नाही याची वाचकाला खात्री. स्वतःच्या रोजच्या पावाला किंवा बटाट्याला कोणी ‘डेलिकसी’ म्हणत नाही. आपल्याकडच्या इंग्रजी पुरवण्याही हेच करतात. कोळीवाड्यात सुका बोंबील म्हणजे पावसाळ्याची बेगमी. तोच पुरवणीत आला की ‘कोस्टल डेलिकसी’ होतो आणि ताटाचा दर चढतो. वाळवणारीचा दर काही चढत नाही.

कालवांचं तर हे प्रत्यक्ष पुराव्यानिशी दाखवता येतं. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये (१८३६-३७) सॅम वेलर हा नोकर गाडीतून जाताना म्हणतो की गरिबी आणि कालवं ही जोडीनेच भेटतात, वस्ती जितकी दरिद्री, तितकी कालवांची दुकानं जास्त. श्रीमंतही ती खात होतेच, पण लंडनच्या गरिबाला ती परवडत होती. पुढे त्याच शतकात ती इतकी उपसली गेली की खाड्या रिकाम्या व्हायला लागल्या, भाव वाढला आणि कालवं गरिबांच्या ताटातून उठली ती थेट बर्फावर मांडून चांदीच्या तबकात गेली. चव तीच. फक्त ज्याला ती रोज मिळत होती त्याला मिळेनाशी झाली, आणि मग त्यांची ‘डेलिकसी’ झाली.

सर म्हणाले, जुने दाखले बघा, शब्द कुठून आला ते कळेल. बघितले. लॅटिनमध्ये मूळ शब्दाचा रोख चैनीकडे, लाडावलेपणाकडे आहे. इंग्रजीत चॉसरकडे, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीला, ‘कँटरबरी टेल्स’मधला एक मठवासी नीरोची गोष्ट सांगतो. नीरोने रोम पेटवलं. कशासाठी? ‘डेलिकसी’साठी. म्हणजे स्वतःची हौस, मजा. मी ते वाक्य दोनदा वाचलं. आपण ज्या शब्दाला आज ‘हळुवारपणा’ लावायला निघालो आहोत, त्या शब्दाने एक शहर जाळलेलं आहे. त्या दिवसापासून माझ्या समासात पाचवं अक्षर आलं : ‘ज’. कोणाच्या जिवावर?

मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये (१६६७) हाच शब्द अगदी निरागस जागी वापरला आहे. देवदूत राफाएल दुपारी बागेत पाहुणा म्हणून येतो आणि ईव्ह त्याच्यासाठी कुठली फळं निवडावीत, कुठल्या चवीमागून कुठली द्यावी याचा विचार करते. चूल नाही, मोलकरीण नाही. अन्न निवून जाईल ही भीतीही नव्हती, असं मिल्टन मिस्कीलपणे सांगतो. सगळ्या कागदांत ‘ज’ लावता येणार नाही अशी मला ही एकच जागा सापडली, आणि तीही पापाच्या आधीची.

अठराव्या शतकात मात्र शब्दाने फार मोठी मजल मारली. जॉन्सनच्या १७५५च्या कोशात चवीपासून निघालेली नोंद पोशाख, रीतभात, दयाबुद्धी अशी ठाणी घेत प्रकृतीच्या अशक्तपणाला येऊन थांबते. म्हणजे जिभेचा शब्द मनाला लागला आणि मनाचा शरीराला. ही वाट कोणी घालून दिली हे शोधताना मी डेव्हिड ह्यूमपाशी पोचले. त्याचा १७४१चा एक निबंधच या शब्दावर आहे. तो म्हणतो, काही माणसांची वृत्ती अशी असते की छोट्याशा मानाने ती हरखतात आणि छोट्याशा अपमानाने कोसळतात. आणि काहींची रुची अशी असते की कवितेतला किंवा चित्रातला बारीकसा गुणदोषही त्यांना जाणवतो. दोन्हींना शब्द एकच, ‘डेलिकसी’. पहिलीवर उतारा म्हणून दुसरी जोपासा, असा त्याचा सल्ला आहे. आयुष्यात काय वाट्याला येईल ते आपल्या हातात नाही, पण कुठली पुस्तकं वाचायची आणि कोणाच्या संगतीत बसायचं ते आहे. मला हा सल्ला पटतो. ज्याला पुस्तक घेता येतं आणि संगत निवडता येते त्याच्यापुरता.

त्याच ह्यूमने १७५७ साली रुचीवरच्या दुसऱ्या निबंधात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट घेतली आहे. सांचो पांझा आपल्या घराण्याची बढाई मारतो : आमच्यातल्या दोघांना एका पिंपातली वाइन चाखायला बोलावलं. एक म्हणाला, वाइन उत्तम, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणाला, उत्तम, पण लोखंडाची आहे. लोक हसले. पुढे पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली सापडली, चामड्याच्या वादीला बांधलेली. ह्यूमला यातून दाखवायचंय ते एवढंच, की रुचीची सूक्ष्मता हा नुसता तोरा नाही; किल्ली खरोखर असते. गंमत म्हणजे मूळ सेर्व्हांतेसकडे (१६१५) लोखंड ओळखणारा पहिला आणि चामडं ओळखणारा दुसरा, आणि दुसऱ्याने तर पिंपाला नुसतं नाक लावलेलं. ह्यूमने क्रमही उलटा केला आणि दोघांनाही चाखायला लावलं. स्वतः तत्त्ववेत्ता सूक्ष्मतेवर लिहिताना एवढा ढिला राहतो हे बघून मला कोशकार म्हणून बरं वाटलं.

सरांना ही गोष्ट फार आवडली. ते गाण्यातले दर्दी. म्हणाले, ‘‘हे आपल्याकडे आहे. तानपुरा जुळताना एक जण म्हणतो खर्ज उतरलाय, बाकीच्यांना काही कळत नाही.’’ मग आम्ही ‘क’च्या ढिगाला मराठी लावत बसलो. गळ्यातली असेल तर ‘नजाकत’. हाताची असेल तर ‘हलका हात’. पारखण्याची असेल तर ‘चोखंदळपणा’. पण चोखंदळ म्हटलं की आपल्याकडे भाजीवाल्यासमोर वांगी उलटीपालटी करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘तरलता’ सरांनी सुचवलं आणि स्वतःच खोडलं. समीक्षकांनी तो शब्द वापरून वापरून पातळ केलाय, असं त्यांचं मत.

‘व’चा ढीग सगळ्यांत त्रासाचा, आणि मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल. वागण्यातली ‘डेलिकसी’ हा त्या काळच्या इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांचा मोठा गुण. त्याची थट्टाही तिथेच झाली. ह्यू केलीचं ‘फॉल्स डेलिकसी’ हे नाटक १७६८च्या जानेवारीत ड्रुरी लेनला लागलं आणि चांगलं चाललं. त्यात प्रेमात पडलेली माणसं एकमेकांच्या भावना जपता जपता खरं काय ते बोलतच नाहीत आणि सगळ्या जोड्यांचा घोळ होतो. थट्टा पुरुष-बाई दोघांची आहे. पण गुण म्हणून तो हळूहळू बाईच्याच अंगाला चिकटला. मेरी वुल्स्टनक्राफ्टने १७९२ साली स्त्रियांच्या हक्कांवरच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच हात घातला तो इथे. भावनांचा नाजूकपणा, रुचीची सफाई ही जी गोड विशेषणं बायकांना लावतात ती दुबळेपणाचीच दुसरी नावं आहेत, असं ती सरळ सांगते.

मग जेन ऑस्टेन. कॉलेजात शिकवत होते तेव्हा ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली (१८१३) मिस्टर कॉलिन्सची मागणी मुली हसून हसून वाचायच्या. एलिझाबेथ त्याला स्पष्ट नाही म्हणते. तो ते ऐकूनच घेत नाही. स्त्रीस्वभावाच्या खऱ्या ‘डेलिकसी’त जेवढं बसेल तेवढं उत्तेजन तिने आपल्याला दिलेलंच आहे, असा त्याचा हिशोब. ती पुन्हा नाही म्हणते, आपल्याला विचार करणारी व्यक्ती म्हणून वागवा असं विनवते, पण व्यर्थ. तोंडावर आलेला नकार पचवण्याची सोय या शब्दाने त्याला करून दिली आहे : तू नाही म्हणालीस म्हणजे तू फार नाजूक मनाची आहेस, म्हणजे अर्थात हो. वर्गात हसण्यावारी गेलेला हा प्रसंग कोशाच्या टेबलावर मला अजिबात विनोदी वाटला नाही. इथे ‘नाजूकपणा’ लिहिलं तर कॉलिन्सचं खरं ठरतं. ‘लज्जा’ लिहिलं तर आणखीच. मी ‘व’च्या शेजारी ठळक ‘ज’ काढला.

आमची मुद्रितं तपासणाऱ्या बाई वयाने सगळ्यांत मोठ्या आणि बोलायला सर्वांत मोकळ्या. त्यांनी एका शब्दाने ‘व’चा अर्धा प्रश्न सोडवला. ‘‘यात काय एवढं? पोच. मेलेल्या घरी जाऊन पैशाचा विषय काढत नाही, त्याला पोच आहे.’’ खरंच, वाईट बातमी सांगणारी, राजीनामा मागणारी ती सगळी ‘विथ’वाली वाक्यं ‘पोच’ने उभी राहिली. भीड, मुर्वत, आब राखणं हे सगळं त्याच्या आसपासचं. पण ‘पोच’ बाईपुरुष बघत नाही, गरीब-श्रीमंत बघत नाही, आणि मुख्य म्हणजे ज्याच्याकडे ती असते त्यालाच कष्ट घ्यावे लागतात. कॉलिन्सला पोच नव्हती, हे मराठीत एका ओळीत सांगता येतं.

‘त’चा ढीग, तब्येतीचा, आधी सोपा वाटत होता. नाजूक प्रकृती, झालं. पण ऑस्टेनचीच ‘एमा’ (१८१५ अखेर) पुन्हा चाळताना मिस्टर वुडहाउस भेटले. हे गृहस्थ पोटाचे इतके जपणारे की रात्री पाहुणे जेवायला बसले की त्यांना प्रत्येकाची काळजी वाटते. सगळ्यांनी आपल्यासारखी पातळ पेजच घ्यावी, फार तर एखादं अर्धं उकडलेलं अंडं, असा आग्रह. त्यांची मुलगी एमा मात्र शांतपणे पाहुण्यांच्या ताटात कोंबडीचा खिमा आणि भाजलेली कालवं वाढते. एकाच टेबलावर दोन ‘डेलिकसी’ समोरासमोर, एक पोटातली आणि एक ताटातली, आणि मध्ये दोन्ही सांभाळणारी मुलगी. कोशातला पहिला आणि शेवटचा अर्थ एवढ्या जवळ बसलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत. नाजूक प्रकृतीचा माणूस घरात असणं म्हणजे बाकीच्यांची दिनचर्या त्याच्याभोवती फिरणं. खाली मुदपाकखान्यात दोनदा वेगळं शिजवणारी बाई ऑस्टेन दाखवत नाही, पण पेज कोणीतरी केलीच असणार.

आजच्या बोलीत या ‘त’ची काय गत झाली ते सांगण्यासारखं आहे. आमच्यातल्या एकीची भाची लीड्सला नोकरी करते. तिच्या कचेरीतला एक जण सोमवारी सकाळी म्हणाला, आज जरा ‘डेलिकेट’ वाटतंय. हिने काळजीने आल्याचा चहा करून नेऊन दिला. बाकीचे हसायला लागले. रविवारी जास्त झाली होती, एवढाच त्याचा अर्थ. क्षयाच्या कादंबऱ्यांतल्या फिकट मुलींपासून सोमवारच्या उतरलेल्या नशेपर्यंत! तो अर्थ आम्ही ‘डेलिकेट’खाली घेतला, पुढे ‘बोली’ अशी खूण करून.

आणि आपला ‘नाजूक’? त्यालाही एक अर्थ आहे जो इंग्रजीत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जावर मुलं लिहितात, घरची परिस्थिती नाजूक आहे. म्हणजे पैसे नाहीत. फारसीतून आलेला, शायरीत कमरेला आणि गुलाबाच्या पाकळीला लावायचा हा शब्द मराठी शाळेतल्या मुलाने दुष्काळी घराला लावला. इंग्रजीत ‘डेलिकसी’ वर चढत गेली; नाजूक खाली उतरून सातबाऱ्यावर जाऊन बसला. तसं सरांना म्हटलं तर ते म्हणाले, ‘‘हे मराठी-इंग्रजी कोशात लिहा, तो काढू तेव्हा.’’

नोंद शेवटी पाच अर्थांची झाली. पहिला ‘खास पदार्थ, मेवा’, सरांच्या म्हणण्याप्रमाणे. दुसरा ‘नजाकत, बारीक कलाकुसर’. तिसरा ‘पोच, हळुवारपणा’. चौथा ‘(प्रकरणाचा) नाजूकपणा’. पाचवा ‘(प्रकृतीची) तोळामासा अवस्था’. चैन आणि लज्जा यांच्यापुढे ‘जुना’ अशी खूण करून एक जोडओळ. मला सहावाही हवा होता. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांनी १९६१च्या एका लेखात ‘डेलिकसी’ ही संज्ञा व्याकरणात आणली : आपण भाषेची विभागणी किती बारकाईपर्यंत नेतो त्याचं माप. नाम ही ढोबळ पायरी. मग मोजता येणारं नाम, न मोजता येणारं नाम, असं उतरत उतरत शेवटी एकेका शब्दापर्यंत. प्रतापगढला जन्मलेल्या रुकैया हसन यांनी १९८७ साली ते काम शब्दांपर्यंत नेऊन दाखवलं. पेन्सिलीने ‘ख’ आणि ‘व’ वेगळे करत मी तेच तर करत होते. पण सर्वसामान्य कोशात त्याला जागा नाही, असं ठरलं, आणि ते बरोबरच होतं.

समासातला ‘ज’ सरांनी कच्च्या प्रतीवर पाहिला. ‘‘हा कुठला अर्थ?’’ मी सांगितलं. त्यांनी चॉसरची ओळ काढून वाचली, चष्मा काढला, पुसला. ‘‘याला पर्याय देता येत नाही. तुमच्याकडेच ठेवा.’’ मी तो खोडरबराने पुसला नाही. ते कागद माझ्याकडेच आहेत.

‘डेलिकेट’नंतरचा शब्द ‘डेलिकटेसन’. जर्मनांनी अमेरिकेत नेलेला आणि न्यूयॉर्कच्या ज्यू दुकानदारांनी घरोघर पोचवलेला. सरांनी लिहिलं, ‘तयार खाद्यपदार्थांचं दुकान’. आमच्यातला तरुण सहकारी म्हणाला, मग सदाशिव पेठेत गल्लोगल्ली डेलिकटेसन आहेत. ‘घरगुती पुरणपोळी मिळेल’ अशी पाटी असते. शेवटी ‘खारवलेलं मांस, चीज, लोणची इत्यादी’ असं घालायचं ठरलं. प्रकाशकांकडून निरोप आला की ओळ वाढते, ‘लोणची’ काढा. मुद्रितं तपासणाऱ्या बाई स्वतः शाकाहारी. त्या म्हणाल्या, मांस काढा, लोणचं ठेवा. दोन दिवस वाद चालला आणि ओळ वाढलीच. त्यानंतरचा ‘डिलिशस’ चहाच्या सुट्टीआधी उरकला.